भरल्या घरची बाई

शिलुओ गावात लग्न ठरलं की आधी मुहूर्त पाहतात, मग मांडववाल्याला सांगतात आणि मग किम-लुआनकडे जातात. तारीख जुळली नाही तर मांडववाला बदलतात. किम-लुआनला बदलत नाहीत.

नवरी गाडीतून उतरते तेव्हा तिच्या डोक्यावर बांबूची चाळण धरायला भरल्या घरची बाई लागते. नवरा हयात हवा. मुलगा हवा, मुलगी हवी, नातवंडं हवीत. घरात कुणाचं लग्न मोडलेलं नको. अशा बाया गावात पुष्कळ आहेत. पण नवरीला दारापर्यंत आणताना जे शुभ बोलायचं असतं, यमक जुळवून, चार-चार ओळींचं, ते किम-लुआनसारखं कुणाला येत नाही. नवरी निखाऱ्यांच्या शेगडीवरून पाय टाकते तेव्हा एक, कौल फोडते तेव्हा दुसरं, उंबरा ओलांडते तेव्हा तिसरं. त्यातलं काही पाठ केलेलं नसतं. ती नवरीकडे बघते आणि बोलते. ठेंगण्या नवरीच्या ठेंगणेपणातही तिला काहीतरी भाग्याचं सापडतं.

हे तिला बाजारात आलं. वडील भाजीचे व्यापारी होते. लहानपणी कोबीच्या ढिगावर बसून ती गिऱ्हाइकांना यमकात हाका मारायची. लोक हसायचे आणि थांबायचे. लोक हसले की थांबतात, हे तिला तेव्हाच कळलं.

लियाओंच्या घरात लग्न होऊन आली तेव्हा चाळण सासूच्या हातात होती. सासरे गेले आणि त्याच महिन्यात सासूच्या हातातून चाळणही गेली. कुणी काही बोललं नाही. पुढच्या लग्नाचं बोलावणं सुनेला आलं, इतकंच. त्या दिवशी सासू स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून नटूनथटून निघालेल्या सुनेकडे बघत होती. त्यानंतर गावातल्या कुठल्याही लग्नात ती पुढच्या अंगणात दिसली नाही. भांडी घासायला मागच्या अंगणात बसायची.

किम-लुआन हे विसरली नाही. सासूची दया आली म्हणून नव्हे. आपल्यावर ही पाळी येऊ नये म्हणून.

तिचा नवरा आ-खिम सोया सॉसच्या कारखान्यात रांजणांची राखण करत आला. मोजकं बोलणारा माणूस. थोरला मुलगा गावातच, त्याला दोन मुलं. मुलगी काओशुंगला दिलेली. एकदा मुलीचा फोन आला होता. म्हणाली, "आई, मला परत यायचंय. कायमचं." किम-लुआन म्हणाली, "धाकट्याचं होऊ दे, मग बघू." मुलगी परत आली नाही आणि पुन्हा तिनं तो विषयही काढला नाही. घर भरलेलं राहिलं.

धाकटा झोंग-यान ताइचुंगला दवाखान्यात लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे मोकळे करतो. त्याच्याबरोबर हान-लिन राहतो. हान-लिन पिंगतुंगचा, विजेची कामं करणारा. गावात कुणी विचारलं तर किम-लुआन सांगायची, "खोलीतला जोडीदार. भाडं वाटून घेतात." खोलीतला जोडीदार दर नवीन वर्षाला यायचा, तिला मावशी म्हणायचा, तीन वाट्या भात खायचा आणि जाताना घरातला एखादा बंद दिवा चालू करून जायचा. तिला तो आवडायचा. याचीच तिला जास्त भीती वाटायची.

मातृदिनाला दोघं केक घेऊन आले. केक कापून झाल्यावर झोंग-यान म्हणाला, "आई, शुक्रवारी मतदान आहे. संसदेत."

"कसलं?"

"तुला माहितीये कसलं."

आ-खिमनं केकचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिला.

"पास झालं तर पुढच्या शुक्रवारी पहिल्याच दिवशी आम्ही लग्नाची नोंदणी करणार. मग ताइचुंगच्या घरी येऊ. दारात तू चाळण धरशील?"

किम-लुआननं ताटल्या गोळा करायला घेतल्या. "मुलाच्या आईनं दारात थांबायचं नसतं. नवी माणसं घरात येताना सासूनं आत लपायचं. समोर आलं की जन्मभर भांडणं लागतात. हे तुला मी सांगायला हवं?"

"मग दुसऱ्या कुणाला तरी सांग."

तिनं ताटल्या एकावर एक रचल्या. मग तोच म्हणाला, "दुसरं कोण येणार, आई. म्हणून तुला विचारलं."

हान-लिन हसला. "राहू द्या मावशी. आमच्याकडे छत्री आहे."

"आधी पास तर होऊ दे," किम-लुआन म्हणाली.

पास होणार नाही, याची तिला खात्री होती. नोव्हेंबरात अशा लग्नांवर सगळ्या बेटानं जनमत दिलं होतं आणि ते नाही असंच आलं होतं. मतदानाच्या पडद्याआड तिनंही तोच शिक्का मारला होता. मुलगा डोळ्यांसमोर आला होता, नाही असं नाही. पण शिक्का तिनं तिकडेच मारला.

शुक्रवारी मेइ-हुइच्या मुलाचं लग्न होतं. मेइ-हुइ गल्लीतलीच, किम-लुआनपेक्षा थोडी लहान, खणखणीत आवाजाची. मुलाला बायको आणायला तिनं फार वाट पाहिली होती, म्हणून मांडव चौकापर्यंत घातला होता. नवरीची गाडी यायला उशीर होत होता. लोक अंगणात लाल प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. पुढच्या खोलीतला टीव्ही कुणीतरी दाराकडे वळवून ठेवला होता. टीव्हीवर तायपेई होतं, पाऊस होता, आणि संसदेबाहेरच्या रस्त्यावर छत्र्याच छत्र्या.

"एवढ्या पावसात उभी आहेत पोरं," नवऱ्या मुलाचा चुलत आजा आ-होक म्हणाला. बाजारात कोबीचा लिलाव तो पुकारायचा. त्याचा आवाज बसलेला असला तरी पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जायचा. "प्रेम खरं असणार. मी बायकोसाठी कधी छत्रीसुद्धा उघडली नाही."

"उघडाल कुठून? बाजारात विसरून यायचात," त्याची बायको म्हणाली. "छत्री आणि मला, दोघींनाही."

लोक हसले.

"हसण्यावारी नेऊ नका," कुणी म्हणालं. "घराण्याचं नाव पुढं कोण चालवणार? पितरांना काय तोंड दाखवायचं?"

"पितर टीव्ही बघतात का?"

"आपल्या ओळखीत तर कुणी नाही बाबा असलं."

"असेल तरी तुला सांगेल होय?"

 लोकांनी एकमेकांकडे बघितलं नाही. मेइ-हुइनं मात्र बघितलं. तिची नजर किम-लुआनवरून गेली, पुढं गेली आणि परत आली. निदान किम-लुआनला तसं वाटलं. धाकटा चाळिशीला आला. सरकारी दवाखाना, बरा पगार, दिसायला चांगला. लोक विचारायचे थांबले होते, आणि ते थांबले होते यात काहीतरी होतं.

"लुआन वहिनी," आ-होकनं हाक मारली. "लग्नातलं तुम्हाला कळतं. उद्या गाडीतून दोन नवरे उतरले तर चाळण कुणाच्या डोक्यावर धरायची, सांगा बरं."

सगळे तिच्याकडे वळले. ती लाल पोशाखात होती, केसांत लाल फूल, हातात चाळण. काही बोलली नसती तरी चाललं असतं. हसून मान हलवली असती तरी चाललं असतं. पण लोक वाट बघत होते, आणि लोक वाट बघत असले की तिच्या तोंडात ओळी आपोआप जुळायला लागतात. तिनं चाळण कमरेवर टेकवली आणि बाजारातल्या जुन्या सुरात म्हटलं,

"दोन कुलपं एका दाराला, किल्ली कुणी लावायची?
दोन नवरे एका खाटेला, वाट कुणी पाहायची?
पितरांच्या पाटीपुढं उदबत्ती कुणी खोवायची?
सासूबाईंनी चहाची वाटी कुणाच्या हातून घ्यायची?"

अंगण उसळलं. आ-होकनं मांडीवर थाप मारली. त्याच्या बायकोनं डोळे पुसले. मेइ-हुइ हसता हसता खुर्चीची पाठ धरून वाकली. किम-लुआनही हसली. सुटल्यासारखं वाटलं तिला.

मेइ-हुइची भाची शु-ची नवरीचा प्रवेश टिपायला मोबाइल धरून उभी होती. मोबाइल चालूच होता.

मग गाडी आली. किम-लुआननं चाळण धरली. निखाऱ्यांना थंडी मागं ठेवायला सांगितलं, कौलाला जुनं दुःख फुटून जाऊ दे म्हणाली, उंबऱ्याला म्हणाली की ही पोर मोजक्या पावलांनी येतेय, पण राहणार मोठ्या मुक्कामाला आहे. नवरीचे डोळे भरले. दरवेळी भरतात.

जेवणाच्या वेळी ते दोन नवऱ्यांचं यमक सगळीकडे पोचलं होतं. गावच्या मोबाइल ग्रुपवर शु-चीनं टाकलं आणि तिथून लोकांनी आपापल्या नात्यागोत्यात पुढं ढकललं. कोळंबीचं ताट येईपर्यंत निम्म्या टेबलांवरून किम-लुआनला स्वतःचाच आवाज ऐकू येत होता. एकीनं मुद्दाम येऊन मोबाइल तिच्यापुढं धरला. "बघा मावशी, काय दिसता!"

तिनं बघितलं. एक लाल कपड्यांतली बाई पुढच्या खोलीतल्या देवघराकडे पाठ करून उभी होती. तोंड उघडं, कमरेला चाळण. आपण हसताना अशा दिसतो, हे तिला माहीत नव्हतं. खाली हसऱ्या चित्रांची रांग लागली होती. मध्येच कुणीतरी लिहिलं होतं, "लुआन मावशींच्या धाकट्याचं कधी?"

मेइ-हुइ तिच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. गाल लाल झाले होते. "अगं, खरंच कधी गं? आता माझा उरकला. तुझाच राहिला."

"ठरत आलंय."

"काय सांगतेस! आणि मला बोलली नाहीस? कुठली?"

किम-लुआननं माशाचा काटा काढला. "पिंगतुंगची."

"काय करते?"

"विजेचं काम..." ती थांबली. "विजेच्या कंपनीत आहे."

"अरे वा. कमावती. कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं. घरी येऊन गेली. खाते चांगली."

मेइ-हुइनं तिचा हात धरला. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. "तुला तर दारात थांबता यायचं नाही. चाळण मी धरीन. तुझ्यासारखं बोलता नाही येणार मला, चार धड ओळी नाही जुळणार. पण धरीन. तू माझ्या सुनेवर धरलीस, मी तुझ्या सुनेवर धरीन. शब्द आहे माझा."

"धर," किम-लुआन म्हणाली.

एवढ्यात आ-होक माइक घेऊन व्यासपीठावर चढला. लिलावाच्या आवाजात त्यानं पुकारलं, "ज्यांनी सकाळचं ऐकलं नाही, त्यांच्यासाठी लुआन वहिनी!" टाळ्या पडल्या. माइक टेबलांवरून हातोहात तिच्यापर्यंत आला.

ती उभी राहिली. घसा बसलाय, असं म्हणता आलं असतं. वय झालं, विसरले, असं म्हणता आलं असतं. दोन्ही तिला सुचलं होतं.

तिनं ते पुन्हा म्हटलं. चारी ओळी. सकाळी तोंडातून निघून गेलं होतं. या वेळी प्रत्येक शब्द कुणाला लागतोय ते तिला दिसत होतं आणि तरी तिनं शेवटच्या ओळीआधी थोडं थांबून घेतलं, कारण तिथं थांबलं की लोक जास्त हसतात.

घरी आली तेव्हा आ-खिम टीव्हीसमोर बसला होता. पाठदुखीमुळे तो लग्नाला आला नव्हता. तायपेईतला पाऊस थांबला होता. रस्त्यावर पोरं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती.

"झालं पास," तो म्हणाला.

ती केसांतलं फूल काढत उभी राहिली.

"पोराचा फोन नाही आला," तो म्हणाला. "मी केला. उचलला नाही."

"कामात असेल."

"आ-होकनं मलाही पाठवलं ते."

किम-लुआन थांबली. "बघितलंत?"

"बघितलं."

ती वाट बघत राहिली. त्यानं टीव्हीचा आवाज कमी केला. "यमक चांगलं होतं," तो म्हणाला आणि पुन्हा आवाज वाढवला.

तिनं मागच्या खोलीत जाऊन फोन लावला. पुष्कळ वाजला. मग उचलला गेला.

"मावशी." हान-लिन होता. "जेवलात का?"

"जेवले. तू जेवलास?"

"जेवलो."

"यान कुठाय?"

"खाली गेलाय. फोन इथंच ठेवून गेला." मागं कुठंतरी गाड्यांचे भोंगे वाजत होते, कुणी ओरडत होतं, आनंदात असावं. "त्यानं पाहिलं, मावशी. तुम्ही तेच विचारायला फोन केलात ना?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला ते माझ्या आईनं पाठवलं," हान-लिन म्हणाला. "पिंगतुंगहून. तिला कुणीतरी बाजारात दिलं. तिला माहीत नाही तुम्ही कोण ते. तिला मी आमच्याबद्दल गेल्या महिन्यातच सांगितलंय. फार रडली, पण येते म्हणाली शुक्रवारी. आज तिनं हे पाठवलं आणि विचारलं, 'लोक असं हसतात का रे तुम्हाला?'"

किम-लुआन पलंगावर बसली. "तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, अशा असतात काही बाया गावोगावी. लक्ष नको देऊस."

"आणि मी..."

"म्हटलं, ही बाई माझ्या ओळखीची नाही." त्याचा आवाज नेहमीसारखाच सरळ होता. "काय सांगणार, मावशी? शुक्रवारी तिच्या शेजारी तुम्हाला बसवायचं होतं."

"होतं?"

 "यान म्हणाला, आईला त्रास द्यायचा नाही आता. आम्ही छत्री धरू. तशीही ताइचुंगला पावसाची लक्षणं आहेत." मग म्हणाला, "तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे?"

"बरं आहे."

"गोळी घ्या वेळेवर," तो म्हणाला आणि त्यानं हळूच फोन ठेवला.

त्यानं आवाज चढवला असता तर तिला काही उत्तर देता आलं असतं. उलट उत्तरं तिला पटकन सुचतात. गोळी घ्या म्हटल्यावर काय बोलायचं असतं? ती पलंगावर तशीच बसून राहिली. एक पोरगा तिची ओळख नाकारून तिची अब्रू झाकत होता. आणि तिनं दुपारी त्याला पिंगतुंगची मुलगी करून टाकलं होतं. दोघांनी एकमेकांना एकाच दिवशी नाकारलं होतं. पण त्यानं ते कुणासाठी केलं आणि आपण कुणासाठी, हे तिला स्वच्छ दिसत होतं. अंगातला लाल पोशाख तिला टोचायला लागला. तिनं तो बदलला नाही. तशीच उठली आणि मेइ-हुइकडे गेली.

मांडवात आवराआवर चालू होती. मोठ्या पातेल्यात उरलेली सगळी कालवणं एकत्र उकळत होती आणि मेइ-हुइ ती शेजाऱ्यांना वाटायला पिशव्यांत भरत होती. आ-होक आणि आणखी चौघंजण टेबलं दुमडत होते. शु-ची खुर्च्यांवर खुर्च्या चढवत होती.

"ये ये," मेइ-हुइ म्हणाली. "तुझी पिशवी मी वेगळी काढलीय, मासा जास्त घालून. पास झालं म्हणे ते. आता तुझं गाणं आणखी चालेल."

"मेइ-हुइ, पिंगतुंगची मुलगी नाही."

"म्हणजे? मोडलं?"

"मुलगा आहे. हान-लिन नाव. तू बघितलायस त्याला, नवीन वर्षाला येतो तो. पुढच्या शुक्रवारी नोंदणी आहे त्यांची."

मेइ-हुइचा डाव पातेल्यात थांबला. कालवण पिशवीच्या काठावरून तिच्या हातावर ओघळलं, तिनं हात काढून घेतला नाही.

"आणि सकाळी माझ्या अंगणात उभं राहून तू..."

"हो."

"त्यालाच?"

"दोघांना."

"मग माइकवर पुन्हा?"

"हो."

मेइ-हुइनं डाव खाली ठेवला. टेबलं दुमडण्याचा आवाजही बंद झाला होता. "त्याच तोंडानं माझ्या सुनेला आशीर्वाद दिलास," ती म्हणाली. ओरडली नाही. तिचा आवाज इतका खाली आलेला किम-लुआननं कधी ऐकला नव्हता. "मला राग आलाय, लुआन. कशाचा आलाय ते मलाच कळत नाही. तुझा मुलगा तसा आहे याचा आलाय, का तू त्याच्यावर हसलीस याचा. आणि मी खोखो हसले. माझ्याकडून हसवून घेतलंस."

"तू शब्द दिला होतास."

"पिंगतुंगच्या मुलीसाठी दिला होता."

"माहितीये."

"मग कशाला आलीस?"

 "घरात बसवेना," ती म्हणाली.

मेइ-हुइनं हातावरचं कालवण एप्रनला पुसलं. बराच वेळ पुसत राहिली. "मला एकटीला सांगून काय होणार? माझ्या कानात टाकलंस आणि मोकळी झालीस, आता मी ते पोटात ठेवायचं? ते गाणं कुणी एकट्यानं नाही ऐकलं. ते माझ्या अंगणातून बाहेर गेलं. हेही इथूनच जाऊ दे. मग शुक्रवारचं बघू. येईन म्हणत नाही मी. बघू म्हणतेय."

तिनं शु-चीला हाक मारली. शु-ची आली, तिनं मेइ-हुइच्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता मोबाइल काढला.

"चित्र नको," किम-लुआन म्हणाली. "नुसता आवाज."

"बोला मावशी. चालू आहे."

तिनं तोंड उघडलं. जन्मभर अशा वेळी ओळी आपोआप जुळत आल्या होत्या. पहिला शब्द बोलला की दुसरा त्याचा हात धरून यायचा. ती थांबली, वाट बघितली. एकही आली नाही. शु-चीनं मोबाइल जवळ नेला.

"मी लियाओंची किम-लुआन," ती म्हणाली. "सकाळचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंत. माझा धाकटा झोंग-यान एका मुलाबरोबर राहतो. त्याचं नाव हान-लिन. मला हे आधीपासून माहीत होतं. माहीत असून मी ते म्हटलं. दोनदा म्हटलं. लोक हसावेत म्हणून म्हटलं, आणि माझ्याकडे कुणी बघू नये म्हणून म्हटलं. हान-लिनच्या आई पिंगतुंगला असतात. त्यांनी ते बघितलंय. त्यांना सांगायचं आहे की त्या बाईला तुमचा मुलगा ओळखतो. तिच्या हातचं जेवलाय तो. तो ओळखत नाही म्हणाला ते तिच्यासाठी."

शु-ची वाट बघत राहिली.

"चाळणीसाठी आता मला बोलवू नका," किम-लुआन म्हणाली. "बस. एवढंच."

"पाठवू?"

"पाठव."

थोड्या वेळानं दुमडलेल्या टेबलांवर ठेवलेला आ-होकचा मोबाइल वाजला. त्यानं चष्मा न लावता दाबलं, आणि किम-लुआनचा आवाज मांडवभर पुन्हा आला. आ-होकनं पूर्ण ऐकलं. एकदा त्यानं तिच्याकडे बघितलं, मग मोबाइल खिशात टाकून टेबलाचे पाय दुमडायला लागला. मेइ-हुइ पुन्हा पातेल्याशी उभी राहिली. माशाची ती पिशवी तिनं बांधली आणि बाजूला ठेवली. दिली नाही, परतही ओतली नाही.

शु-ची मोबाइलकडे बघत होती. ऐकणाऱ्यांचा आकडा चढत होता. हसरं चित्र आलं नव्हतं. रडकंही आलं नव्हतं.

"कुणी पुढं पाठवतंय का गं?" किम-लुआननं विचारलं.

"ते कळत नाही, मावशी."

"पिंगतुंगला पोचेल?"

शु-चीनं खांदे उडवले. सकाळचं तर कोळंबीचं ताट येण्याआधीच निम्म्या मांडवात पोचलं होतं.